सुपातली ज्वारी परत गेली

मागच्या डिसेंबरात, नाताळ दोन-तीन दिवसांवर असताना, एका संध्याकाळी आमच्या अंगणात कॅरलवाले, म्हणजे नाताळची गाणी म्हणत दारोदार फिरणारी ख्रिस्ती मंडळी, आले. चांदूर बाजारहून परतवाड्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमचं गाव. कापसाचा दुसरा वेचा सुरू होता, अर्धी सपरी छातीइतक्या कापसानं भरलेली, बायांची मजुरी नुकतीच वाटून झालेली. मी गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसलो होतो. आत चुलीवर तुरीच्या शेंगा शिजत होत्या. फाटकाशी गिटारीची तार वाजली, कुत्रं भुंकलं आणि मोबाइलच्या उजेडात दहा-बारा जण आत आले. पुढं आमची शेजारीण, उपकेंद्रातली नर्स. सारं गाव तिला सिस्टर म्हणतं.

"काकाजी, एकच गानं म्हनतो. पाच मिनिटं."

म्हणा, म्हटलं. नाही म्हणायचं कारणच नव्हतं. पण त्यांनी सूर धरला आणि मला कळेना की आता आपण करायचं काय. उठावं तर पाय ओले, बसून राहावं तर माजल्यासारखं दिसतं. गाणाऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं की तो लाजतो, खाली पाहिलं की आपण सुतकात बसल्यासारखे वाटतो. टाळी धरावी तर हे आपलं भजन नाही, डोळे मिटावेत तर ही आपली प्रार्थना नाही. भजनाला दोनशे माणसांत आपण एक असतो, डुलकी लागली तरी खपून जातं. इथं गाणारे बारा आणि ऐकणारा मी एकटा, तोही घोट्यापर्यंत पाण्यात.

तेवढ्यात आई आतून बाहेर आली. हातात सूप आणि सुपात ज्वारी. दारात गाणं आलं की काय करायचं, हे तिला सत्तर वर्षांपासून पाठ आहे. गाणं संपायचीही वाट न पाहता ती पायरीपर्यंत गेली आणि सूप पुढं करून म्हणाली, "घे बाप्पा."

ढोलकीवाला पोरगा एक पाऊल मागं सरला. गाणं अर्ध्यात अडखळलं. सिस्टरनं सावरून घेतलं, "नाई आजी, आमी मांगाले नाई आलो. नुसतं गानं म्हनाले आलो." आई तशीच उभी, सूप तसंच पुढं. शेवटी मीच ते तिच्या हातातून घेतलं. गाणं पुरं झालं, सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले, "चहा घ्या" म्हणायचं मला सुचलं तोवर ते फाटकाबाहेर गेले होते. ज्वारी परत कोठीत गेली.

रात्री जेवताना आई म्हणाली, "तो ढोलकीवाला पोट्टा. त्याचा आजा तं घेत होता."

तो आजा मला आठवतो. पोळ्याला आणि लग्नात डफडं वाजवायला यायचा. सुपातली ज्वारी त्याच्या पसरलेल्या दुपट्यात वरून पडायची. वरूनच. सूप दुपट्याला टेकू द्यायचं नाही, हेही आईला कोणी शिकवलं नव्हतं, ते तिनं पाहून उचललं होतं. आणि त्या संध्याकाळी त्याचा नातू त्याच अंगणात, इस्त्रीच्या शर्टात, ढोलकी गळ्यात घालून उभा होता आणि त्याला आमच्याकडून काहीच नको होतं.

कॅरलवाले दारात आल्यावर आपल्याला जे अवघडल्यासारखं होतं, त्याला आपण लगेच धर्माचं नाव देतो. मला वाटतं, त्यातला धर्माचा वाटा थोडा आहे. आपली खरी अडचण देण्याघेण्याच्या हिशोबात आहे. आमच्या भागात दारावर येणारं गाणं नेहमी खालून वर आलेलं आहे. वासुदेव आला, पांगुळ पहाटे हाक देऊन गेला, गोंधळी, नाथजोगी, बहुरूपी, नंदीवाले आले. दिवाळीच्या गायगोधनाला गोवारी ढाल घेऊन नाचत आले. यांतला प्रत्येक जण मोठा कलावंत, पण उभा राहिला तो पायरीच्या खाली. ओट्यावरचा देणारा, अंगणातला घेणारा. कोणी कुठं उभं राहायचं आणि गाणं किती वेळ चालू द्यायचं, हे सगळं ठरलेलं होतं, म्हणून कोणाला अवघड वाटत नव्हतं. म्हणजे, ओट्यावरच्याला वाटत नव्हतं. दुपटं पसरणाऱ्याला काय वाटायचं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

या रिवाजात बरोबरीनं दारात येणारं एकच मला आठवतं, ते तान्हा पोळ्याचं. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर हिंडतात आणि बोजारा मागतात. पाटलाचा नातू असो की सालदाराचा पोरगा, दोघंही त्याच दारात त्याच सुरात मागतात, आणि दहा रुपये घेऊन पुढच्या घराला पळतात. आमच्या सिस्टरचा लेकही दरवर्षी येतो. त्याच्या बैलाच्या शिंगाला बेगड लावताना कोणी त्याचा धर्म विचारल्याचं मला आठवत नाही. पण ही सवलत आपण बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंतच देतो. मोठी माणसं, नोकरीतली, शिकलेली, दारात येऊन गातात आणि हात पुढं करत नाहीत, असा प्रसंग आपल्या रिवाजात बसतच नाही. मग तो बसवायला आपण एक जुना शब्द शोधतो. आईनं सूप शोधलं. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवाल्यांनी 'धर्मांतर' हा शब्द शोधला.

त्या रात्रीच ग्रुपवर मेसेज फिरला की नाताळचं निमित्त करून गावात कोणी फिरत असेल तर सावध राहा, दार उघडू नका. पाठवणारा काही वाईट माणूस नाही. पावसाळ्यात माझं रोहित्र जळालं तेव्हा तोच माझ्यासोबत वीज कचेरीच्या पायऱ्या चढला होता. त्याला उत्तर द्यायचं तर नीट द्यायला हवं, टर उडवून भागणार नाही.

त्याचं पहिलं म्हणणं असं की गाणं हे निमित्त आहे, पुढं पुस्तक येतं, मग प्रार्थना येते, मग माणूस जातो. असं कधीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. नारायण वामन टिळकांचं उदाहरण आपल्याच रेल्वेलाइनवरचं आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, त्यानं बायबलची प्रत दिली, आणि १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. एका गप्पेतून सुरुवात झाली, हे खरंच. पण मधली दोन वर्षं कुठं जातात? ती वाचण्याची, भांडण्याची, झोप उडण्याची वर्षं होती. आणि त्यानंतरही हा माणूस अभंग, ओवी आणि कीर्तन सोडून कुठं गेला नाही. ख्रिस्ताकडं आपण तुकारामाच्या वाटेनं आलो, असंच तो सांगत राहिला. पाच मिनिटांच्या गाण्यानं ज्याची श्रद्धा डळमळते, त्याच्या श्रद्धेची काळजी कॅरलवाल्यांच्या आधी आपल्या कीर्तनकारांनी करावी.

हा वाद आमच्याकडं नवाही नाही. १९५४ साली विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता आणि नागपूर राजधानी होती, तेव्हा सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. १९५६ मध्ये आलेला त्यांचा अहवाल मिशनऱ्यांवर कडक टीका करणारा होता, आणि आजही धर्मांतराच्या वादात तो पुढं केला जातो. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीनं धम्मदीक्षा घेतली आणि दिली, आणि त्या सोहळ्यात बौद्ध झालेल्यांत हेच नियोगीही होते. ही गोष्ट मी आमच्या ग्रुपवाल्या मित्राला सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ते येगळं होतं." असेलही वेगळं. पण आमिषानं होणारं धर्मांतर आणि मनानं होणारं धर्मांतर यांतला फरक त्या नियोगींना चांगला कळत होता, एवढं तर यातून दिसतं. आपल्याला तो कळत नाही, म्हणून आपण गिटारीला घाबरतो.

कायद्याचं म्हणाल तर घटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या मर्यादेत. सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करून घेण्याचा हक्क येत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर अंगणातल्या गाण्याला कुठंच अडचण येत नाही. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार होते, शंभरात एकही पुरता नाही, आणि त्यांतलेही बहुतेक मुंबई-वसईच्या पट्ट्यात. आमच्या गावात चार घरं आहेत. चार घरांचा धाक चारशे घरांनी घ्यायचा, हे सांगताना मला मेसेज पाठवणाऱ्यापेक्षा जास्त लाज वाटते.

त्याचं दुसरं म्हणणं मात्र मला खरंच विचार करायला लावणारं वाटलं. आपण त्यांच्या दारात भजन म्हणायला गेलो तर ते उभं राहू देतील का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर डिसेंबरातच सापडतं. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. आमच्याकडं त्या दिवशी झाडू घेऊन दिंडी निघते, गल्ली झाडत, गोपाला गोपाला म्हणत. सिस्टरच्या दारासमोरूनही ती जाते आणि तिथं दरवर्षी पाण्याचं पिंप आणि दोन ग्लास ठेवलेले असतात. मी स्वतः त्यातलं पाणी प्यायलो आहे. पण समजा पिंप ठेवलेलं नसतं, दार बंद असतं. तरी? शेजाऱ्यानं दार लावलं म्हणून मीही लावायचं, तर मग हिशोबाची वहीच काढावी लागेल, आणि त्या वहीत दुपट्यात वरून पडलेली ज्वारीही लिहावी लागेल. ती वही काढायची हिंमत आमच्या गावात कोणाला आहे, मला ठाऊक नाही.

आता कॅरलवाल्यांची बाजू मी सरसकट घेतो आहे असं कोणी समजू नये. त्या संध्याकाळी त्यांच्यातल्या एका पोरानं आईनं सूप पुढं केल्याचा व्हिडिओ काढला. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा त्यानं तो माझ्यासमोर पुसला, पण मुळात काढायचा नव्हता. दुसऱ्याच्या घरातलं अवघडलेपण हे आपल्या स्टेटसचं सामान नव्हे. तीच गोष्ट पत्रकांची. गाणं म्हणायला आलात तर गाणं म्हणा, छापील कागद पिशवीत राहू द्या. ज्याला हवा तो मागेल. आणि सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे "घरात कोणी आजारी आहे का, प्रार्थना करू का" हा प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, हे मी जाणतो. पण ज्याच्या घरात बाप खाटेवर पडलेला आहे, तो नाही म्हणू शकत नाही, आणि जो नाही म्हणू शकत नाही त्याला विचारू नये. उद्या घरचा माणूस आपणहून म्हणाला की बाबासाठी दोन शब्द म्हणा, तर खुशाल म्हणा. आमच्या भागात कोठाऱ्याच्या मिशन दवाखान्यानं शंभरहून अधिक वर्षं कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या आहेत. लोक ख्रिस्ती माणसाला ओळखतात ते त्या हातांनी. तिथं पत्रकाची भर घालायची गरज नाही.

लाउडस्पीकरचं मी वेगळं सांगत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा नियम २००० सालापासून आहे आणि तो कॅरलला आहे तसा सप्ताहालाही आहे. आमच्या गावात तो दोघांपैकी कोण जास्त मोडतं, हे मी इथं लिहिलं तर मला पुढच्या सप्ताहात काल्याचा प्रसाद मिळायचा नाही.

गंमत म्हणजे दारात गाणं आल्याचा वैताग जिथून ही रीत आली तिथल्या लोकांनाही कमी नव्हता. कॅरल हा शब्द मुळात फेर धरून नाचण्याचा, आपल्या हादग्या-भोंडल्यासारखा. इंग्लंडात नाताळच्या दिवसांत गरिबांच्या टोळ्या जमीनदाराच्या दारात गात जायच्या आणि खाणं-पिणं मिळाल्याशिवाय हलायच्या नाहीत. कधी धमकीही द्यायच्या. आपल्या बोजाऱ्याचाच दांडगा थोरला भाऊ. कर्मठ प्युरिटन लोकांना हा सगळा धिंगाणा इतका खुपला की १६४७ मध्ये त्यांच्या पार्लमेंटनं नाताळ सणच रद्द करून टाकला, आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. ख्रिस्ती माणसांनी ख्रिस्ती माणसांना केलेला. म्हणजे तिथंही गाणं आधी खालून वरच जात होतं, मागणाऱ्याचं होतं. मागणं गळून पडलं आणि नुसतं गाणं उरलं, याला तिकडं काही पिढ्या लागल्या. आमच्या गावात ही उडी एका आजा-नातवात झाली. अवघड वाटणारच.

गिटारीचाही मुद्दा ग्रुपवर आला होता, परदेशी वाद्य म्हणून. त्यांनी सुरुवात केली ते गाणं, 'सायलेंट नाइट', मूळचं जर्मन भाषेतलं, १८१८ च्या नाताळात ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ नावाच्या गावात पहिल्यांदा म्हटलं गेलं, आणि तेही गिटारीवरच. पण मग आमच्या भजनी मंडळाची पेटी कुठली? तीही युरोपातूनच आली. आता एकादशीला पेटी नसली तर बुवा सुरूच करत नाहीत.

दार उघडायचं की नाही, हे शेवटी ज्याचं त्यानं ठरवावं. कोणाच्या घरी सुतक असेल, कोणाच्या पोरीची परीक्षा असेल, कोणाला नुसताच कंटाळा आला असेल. "आज नको, माय," एवढं म्हटलं की झालं. सिस्टरची मंडळी हसून पुढं जातात, मी पाहिलं आहे. माझा आक्षेप आहे तो अख्ख्या गावाच्या वतीनं नाही म्हणण्याला. ग्रामपंचायतीत ठराव करू, असंही त्या ग्रुपवर कोणी लिहिलं. पंचायतीनं नाली साफ करावी, पाण्याची टाकी धुवावी. माझ्या फाटकाची कडी लावायची की काढायची, हे मी आणि माझी आई पाहू.

आणि अवघडलेपण राहिलं तर राहू द्यावं. ते घालवायची आपल्याला फार घाई असते. सूप पुढं केलं की ते जातं, कारण समोरचा पुन्हा आपल्या खाली जातो. संशय घेतला की तेही जातं, कारण समोरचा माणूसच राहत नाही, कट होऊन जातो. दोन्हींत सोय आपलीच. त्यापेक्षा ओल्या पायांनी उभं राहून, कुठं पाहावं ते न कळता, पाच मिनिटं ऐकलेलं बरं. ढोलकीवाल्या पोरालाही तेव्हा काही कमी अवघड वाटलं नसेल. त्या अंगणाची त्याच्या घरातली आठवण आमच्या घरातल्या आठवणीसारखी नाही. तरी तो आला होता.

यंदा दिवाळी झाल्यापासून आई दोनदा विचारून गेली, "ते गानंवाले येनार हायत का?" मी सिस्टरला विचारलं. येणार आहेत, २३ तारखेला. त्यावर आईनं पहिल्यांदा सुपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ज्वारी तं घेत नाईत," ती म्हणाली. चहा द्यावा तर बारा कप आमच्याकडं सारखे नाहीत, आणि कोणाला कपात, कोणाला ग्लासात, हे यंदा तिलाच नको आहे. कपांचा जुना हिशोब तिलाही ठाऊक आहे. ती बोलली नाही, मीही नाही.

शेवटी तिनंच ठरवलं. कापूस यंदा मागच्या खोलीत टाकायचा, सपरी मोकळी ठेवायची, सतरंजी अंथरायची आणि मोठ्या गंजात तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायच्या. मी म्हटलं, ते पाच मिनिटं थांबतात, शेंगा कुठं खातील?

"उकडलेल्या शेंगा उभ्यानं खाता येतात का?" आई म्हणाली. "बसावंच लागते."